लाल लिव्हर

(दृश्य: म्हापशातल्या एका गॅरेजचा कोपरा. पत्र्याचा जुना डबा.)

हा डबा कधीकाळी खोबरेल तेलाचा होता. आता त्यात मोडके लिव्हर असतात. ब्रेकचे, क्लचचे, स्कूटरचे, बुलेटचे. काही मधोमध तुटलेले, काही केळ्यासारखे वाकलेले. पर्यटकांचा हंगाम सरेपर्यंत डबा काठोकाठ भरतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर हणजूण-वागातोरच्या वळणावर वाळूवरून घसरली, की आरशाच्या खालोखाल मार बसतो तो लिव्हरलाच.

यातला एक उचलून जवळून बघा. टोकाच्या थोडं आधी एक खाच दिसतेय? ती बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. गाडी पडली तर तिथूनच टोक मोडावं आणि उरलेल्या दांड्यावर दोन बोटं ठेवून माणसाने घर गाठावं, एवढा विचार त्या खाचेत आहे. मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय, पण ही खाच मला गेल्या वर्षी कळली. तीसुद्धा कळायची किंमत मोजून.

(दृश्य: सकाळी नऊ. पर्वरीचा महामार्ग. दुचाकींची रांग.)

मी राहतो अस्नोड्याला, नोकरी पणजीत. उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून पर्वरीत गाडी चालत नाही, सरपटते. पहिला गिअर, क्लच, दोन हात पुढे, पुन्हा क्लच. पुढे अटल सेतूवर दुचाकींना बंदी, म्हणून आम्ही सगळे शेजारच्या जुन्या मांडवी पुलावर. पणजीच्या कदंब बसस्थानकाबाहेर पोचेपर्यंत डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना रग लागलेली असते.

तिथेच पायलट उभे असतात. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की गोव्यात पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन भाडं मारणारा तो पायलट. यांतल्या एका काकांना मी विचारलं, दिवसभर क्लच दाबून हात दुखत नाही का? त्यांनी हँडलकडे बोट केलं. क्लचचा लिव्हर इतरांपेक्षा बराच खाली झुकवलेला होता. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहतो, मनगट वर मोडावं लागत नाही. लिव्हरला हँडलशी धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल करायचा, थोडं फिरवायचं, पुन्हा कसायचं. खर्च शून्य. मी मात्र तोवर पैसे खर्च करून बसलो होतो.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर रंगीत लिव्हरची चित्रं.)

नोव्हेंबर-डिसेंबर आला की वागातोरला बाइकवाल्यांचे मेळावे भरतात. २०१३ साली पहिला इंडिया बाइक वीक भरला तोही तिथेच. अशा मेळाव्यात चार तास हिंडलं, की आपली गाडी उघडीबोडकी वाटायला लागते. तिथे मी पहिल्यांदा तो लाल लिव्हर पाहिला. आखूड, दोन बोटांचा, मुळाशी एक छोटं चाक आणि त्यावर एक ते सहा आकडे.

गाडीसोबत येतो तो लिव्हर ओतीव. ॲल्युमिनियम वितळवून साच्यात ओतलेला. बाहेरून घेतला जातो तो बहुधा कोरीव. ६०६१ नावाच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मशीनने कापून काढलेला, वर रंगीत ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला टणक थर. कोरीव म्हणजे आपोआप चांगला असं नाही. नीट बनवला तर मापाला पक्का असतो. पण ठोकळा चांगला आणि माप चुकलेलं, असाही माल भरपूर आहे, आणि फोटोत दोन्ही सारखेच सुंदर दिसतात.

ते आकड्यांचं चाक मात्र खरंच कामाचं. त्याने लिव्हर मुठीच्या जवळ किंवा लांब घेता येतो. माझी बहीण माझीच गाडी चालवते, तिची बोटं आखूड. जुन्या लिव्हरला तिची फक्त टोकं पोचायची आणि ब्रेक दाबायला मूठ सोडून हात पुढे सरकवावा लागायचा. असा हात सरकवण्यात जो वेळ जातो त्यात समोरची कदंबा बस थांबलेली असते. तिच्यासाठी हे चाक म्हणजे शोभेची वस्तू नव्हती.

आणि आखूडपणाचं काय? शाळेत तरफ शिकलो होतो ना, टेकू, बल आणि भार? लिव्हर म्हणजे तीच तरफ. समजा टेकूपासून पिस्टन (लिव्हर ज्याला ढकलतो तो ब्रेकचा दट्ट्या) २५ मिलिमीटरवर आणि तुमची बोटं १२५ वर, तर बोटांचा जोर पाचपट होतो. बोटं १०० वर आली की चौपट. म्हणजे आखूड लिव्हरने ब्रेक जास्त जोरात लागतो हा निव्वळ गैरसमज. तेवढाच ब्रेक लावायला बोटांना जास्त मेहनत पडते. फायदा वेगळा आहे. दोन बोटांनी ब्रेक दाबताना उरलेली दोन बोटं मुठीवरच असतात, आणि लांब लिव्हर त्याच बोटांवर येऊन आदळतो. आखूड लिव्हर त्यांच्या वाटेत येत नाही.

टोकाला गोळी आहे की नाही हेही बघा. शर्यतींच्या नियमात ती सक्तीची असते. पडताना अणकुचीदार टोक पोटात घुसू नये म्हणून.

लाल जोडी घरी आली. खोक्यावर लिहिलं होतं, सर्व मॉडेलना चालेल. तिथेच थांबायला हवं होतं.

(दृश्य: चोर्ला घाट. उतार. डावीकडे दरी.)

मागच्या हिवाळ्यात बेळगावहून परतत होतो, एकटाच. लिव्हर मीच बसवले होते. एक बोल्ट, एक नट, अर्ध्या तासाचं काम. अस्नोडा-पणजी आठवडाभर व्यवस्थित चाललं. चोर्ला उतरायला लागलो आणि पाचेक किलोमीटरनंतर जाणवलं, की पुढचा ब्रेक जास्तच तल्लख झालाय. नुसतं बोट टेकलं तरी लागतोय. मला वाटलं, वा, हेच तर हवं होतं.

मग गाडी उतारावरही ओढल्यासारखी वाटायला लागली. ॲक्सिलरेटर थोडा दिल्याशिवाय पुढे जाईना. जळका वास आला. अंजुण्याच्या धरणाचं पाणी खाली दिसतं त्या वळणापाशी मी थांबलो, आणि परत निघू म्हटलं तर गाडी ढकलूनही हलेना. पुढचं चाक जाम. बाटलीतलं पाणी डिस्कवर, म्हणजे चाकाच्या ब्रेकच्या तबकडीवर, शिंपडलं तर चर्र झालं. (तापलेल्या डिस्कवर पाणी कधीच टाकू नये, ती वाकू शकते. घाबरलेल्या माणसाला हे आठवत नाही.)

मागून आलेल्या एका टेंपोवाल्याने गाडी लावली, वाकून बघितलं आणि हँडलकडे बोट दाखवलं. ‘हो लाल नवो काय? काड तो.’ मी टूलकिटमधला पाना काढला, लिव्हरचा बोल्ट सैल केला, लिव्हर हातात आला. टक्क असा आवाज झाला आणि चाक सुटलं.

मी लिव्हर खिशात घातला आणि दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर, पायी चालल्यासारखा घाटाखालच्या केरीपर्यंत उतरलो. ओळखीच्या घरी गाडी ठेवून कदंबाने घरी. दुसऱ्या दिवशी जुना लिव्हर घेऊन परत गेलो. तो माळ्यावर होता. आईने भंगारात दिला नव्हता म्हणून वाचलो.

(दृश्य: पुन्हा गॅरेज. टाकीवर ओलं फडकं. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलेलं.)

टाकीवरचं फडकं आधी बघा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून गॅरेजवाले काका आधी फडकं घालतात आणि मगच झाकणाला हात लावतात.

आता कॅमेरा डबीच्या आत. तळाशी दोन बारीक भोकं आहेत. त्यांतलं एक तर सुईच्या टोकाएवढं. काका जुना, कंपनीचा लिव्हर बसवतात आणि अगदी हलका दाबतात. पाहिलंत? तेलातून एक इवलंसं कारंजं उडालं. पिस्टन पुढे सरकताना ते भोक बंद होण्याआधी जरासं तेल वर फेकलं गेलं. याचा अर्थ लिव्हर सोडलेला असताना ते भोक उघडं आहे.

आता लाल. पुन्हा तसाच हलका दाब. कारंजं नाही. पुन्हा. नाही.

काकांनी दोन्ही लिव्हर एकावर एक ठेवून दाखवले. पिस्टनला टेकणारं नाक लाल लिव्हरला किंचित पुढे आलेलं. किती? लग्नपत्रिकेच्या जाडीएवढं. तेवढ्याने पिस्टन कायम थोडा दाबलेलाच राहिला आणि ते सुईएवढं भोक बंद झालं. घाटात ब्रेक वापरला की तेल तापतं, फुगतं. एरवी ते फुगलेलं तेल त्या भोकातून डबीत परत जातं. भोक बंद असेल तर जाणार कुठे? ते डिस्कला चिमटणाऱ्या पॅडनाच दाबून धरतं. पॅड घासले की उष्णता आणखी वाढते, तेल आणखी फुगतं. तल्लख ब्रेक म्हणून मी ज्याच्यावर खूश झालो होतो तो हाच प्रकार. पर्वरीच्या गर्दीत ब्रेकला एवढं तापायला वावच नव्हता, म्हणून आठवडाभर काही कळलं नाही.

काकांनी तेलही बदललं. आमच्या हवेत ते लवकर बाद होतं. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. पण हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच अट १५५ अंशांवर येते. ज्या गावात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे तेलाची डबी कोरडी कशी राहील?

क्लचच्या बाजूला एवढं जिवावरचं नाट्य नसतं, पण वैताग बराच. लिव्हरला थोडी सुटी हालचाल हवी. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना ती टोकाशी १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. कमी ठेवली तर क्लच पूर्ण बसत नाही, प्लेटा घसरून झिजतात. जास्त ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. ‘क्लच एकदम हलका’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लिव्हरमध्ये वायर टेकूच्या जवळ अडकवलेली असते. हलका होतो खरा, पण वायरही तेवढी कमी ओढली जाते, आणि मग तेच न्यूट्रलचं रडगाणं.

(दृश्य: क्लच वायरचं टोक, अगदी जवळून. सुटलेल्या तारा.)

ही माझ्या लाल क्लच लिव्हरमधून निघालेली वायर. टोकाची गोळी लिव्हरच्या खोबणीत फिरायला हवी. कंपनीच्या लिव्हरमध्ये त्यासाठी छोटं बुश, म्हणजे गोळीभोवतीची नळी, होतं. ते मी जुन्यातून काढून नव्यात घालायचं विसरलो. गोळी अडकून बसली, प्रत्येक वेळी वायर तिथेच मुडपली. एकोणीसातल्या सात तारा तुटल्यात, मोजून सांगतो.

आणखी एक. नवा लिव्हर बसवल्यावर गाडीच्या मागे माणूस उभा करा. ब्रेकचा दिवा दाबल्यावर लागतो का आणि सोडल्यावर विझतो का, ते त्याला बघू द्या. दिव्याचं बटण लिव्हरच्याच मुळाशी असतं आणि बाहेरच्या लिव्हरचा उंचवटा तिथे नेमका पोचेलच असं नाही. बोल्टला ग्रीस गणेश चवथीनंतर एकदा, पावसाआधी एकदा. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमला असा धरतो की काढताना हातोडी लागते.

(दृश्य: काकांचे हात. काळा लिव्हर बसतोय.)

सध्या माझ्या गाडीवर काळी जोडी आहे. माझ्याच मॉडेलसाठी बनवलेली, चाकवाली, कारण बहिणीने चाक सोडायला नकार दिला. ती चालवते तेव्हा दोनवर, मी चारवर. या जोडीत एक हा मुठीच्या सगळ्यात जवळचा आकडा, काहींत उलटं असतं. एकवर ठेवून आम्ही पूर्ण जोर लावून पाहिला. लिव्हर मुठीला टेकायच्या आत ब्रेक पक्का लागतो. पट्टीचा बोल्ट काकांनी बेताचाच आवळला, गाडी पडली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरावा म्हणून. आणि हो, पायलट काकांसारखा खाली झुकवला.

झाकण लावण्याआधी काकांनी मला वाकायला सांगितलं. हलका दाब. कारंजं उडालं.

लाल ब्रेक लिव्हर परत नेणार का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. परवा गेलो तेव्हा तो पान्यांच्या कपाटाला हँडल म्हणून बसवलेला दिसला. क्लचचा डब्यात आहे.