मायदेशी बंद पडलेलं, कॅनडात चालू राहिलेलं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, कॅनडातल्या युक्रेनियन लोकांचा एखादा उत्सव पाहायला गेलं की आधी डोळ्यांत भरतात ते भरतकाम केलेले सदरे, लाल बूट आणि माणसाच्या उंचीएवढ्या उड्या मारणारे नर्तक. ते देखणं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पण ही मंडळी चार-पाच पिढ्या एवढ्या निगुतीनं हे का करत आली, हे समजायचं असेल तर त्या त्या वेळी त्यांच्या मायदेशी काय चाललं होतं, ते बघावं लागतं.

१८९१ साली नेबिलिव गावचे दोन शेतकरी, इवान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक, कॅनडात उतरले. त्यांचा गालिसिया प्रांत, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनकडचा भाग, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडले होते, आणि इकडे कॅनडाचं सरकार दहा डॉलर भरून घेऊन १६० एकर माळरान देत होतं. पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे १,७०,००० माणसं आली. युद्ध पेटलं आणि कागदोपत्री ऑस्ट्रियाची प्रजा म्हणून हीच माणसं शत्रू ठरली. १९१४ ते १९२० या काळात २४ छावण्यांमध्ये ८,५७९ जणांना डांबलं गेलं. त्यांत सर्वाधिक युक्रेनियन होते. बाहेर राहिलेल्या हजारोंना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे.

अशा परिस्थितीत या लोकांनी गावोगावी लाकडी सभागृहं बांधली. आत एक रंगमंच, एक वाचनालय. तिथे हौशी नाटकं होत, शेव्चेन्को या राष्ट्रकवीच्या कविता म्हटल्या जात. आजही मार्च महिन्यात, त्याच्या जन्म-मृत्यूच्या तारखांच्या सुमारास, शेव्चेन्कोच्या नावानं कार्यक्रम होतोच. १९२५च्या अखेरीस वासिल आव्रामेन्को नावाचा नृत्यशिक्षक कॅनडात आला. त्यानं गावोगावी वर्ग घेतले, शेकडो पोरांना एका पद्धतीनं नाचायला शिकवलं. आज रंगमंचावर जो नाच आपण पाहतो त्याची घडण बरीचशी तिथली आहे. लग्नात, जत्रेत जो नाच मनाला येईल तसा होई, तो रांगेत, ठरावीक क्रमानं बसवला गेला. काही जाणकारांना ही उसनी शिस्त वाटते. मला वाटतं, ती बसली म्हणूनच आजोळच्या गावापासून हजारो मैलांवरच्या नातवाला तो नाच शिकता आला.

हा समाज एकमुखी होता असं मात्र समजू नका. कॅनडातल्या विनिपेग शहरात १९१९ साली उभं राहिलेलं कामगार-मंदिर, म्हणजे कामगारांचं सभागृह, डाव्या विचारांच्या युक्रेनियनांचं होतं. त्यांची मँडोलिनची वाद्यवृंदं गाजलेली. चर्चवाले आणि राष्ट्रवादी वेगळे, त्यांची सभागृहं वेगळी. १९४० साली सरकारनं डाव्यांच्या संघटनेवर बंदी घातली आणि त्यांची सभागृहं ताब्यात घेतली. वारशाच्या कार्यक्रमांत ही बाजू फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे.

आता एका गाण्याविषयी जरा सविस्तर बोलतो. ‘श्चेद्रिक’ ही मिकोला लेओन्तोविच यांनी लोकगीतावरून बांधलेली समूहरचना १९१६ साली कीवमध्ये पहिल्यांदा गायली गेली. मूळ गाणं नव्या वर्षाचं. एक पाकोळी घरात येते आणि धन्याला सांगते, बाहेर ये, बघ तुझी मेंढरं व्याली आहेत. १९१९ साली, युक्रेनचं अल्पायुषी स्वतंत्र प्रजासत्ताक जेमतेम तग धरून असताना, ओलेक्सांद्र कोशेत्स यांच्या गायनवृंदाला सरकारनं युरोपच्या दौऱ्यावर धाडलं. हेतू एकच, या नावाचा एक देश आहे हे जगाला कळावं. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हा वृंद हे गाणं गायला, तोवर ते सरकार उरलं नव्हतं. लेओन्तोविच यांना त्याआधीच, जानेवारी १९२१मध्ये, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं वडिलांच्या घरी गोळी घातली होती. कोशेत्स मायदेशी परतले नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते उन्हाळ्यात विनिपेगला येऊन तरुणांना समूहगायन शिकवत. १९४४ साली तिथेच ते वारले. विनिपेगमधला एक गायनवृंद आजही त्यांचं नाव लावतो. १९३६ साली इंग्रजी शब्द मिळाल्यावर ही चाल नाताळची म्हणून जगभर पसरली आणि पाकोळी मागे पडली. युक्रेनियन गायनवृंदांनी तिला सोडलं नाही.

बान्दुरा हे युक्रेनचं तंतुवाद्य. कीवमध्ये १९१८ साली स्थापन झालेल्या बान्दुरावादकांच्या गायनवृंदाची गोष्टही अशीच आहे. महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांतून त्याचे कलाकार १९४९ साली अमेरिकेत डेट्रॉइटला गेले आणि वृंद तिथून पुढे चालला. पश्चिम युक्रेनमधलं ग्रीक कॅथलिक चर्च, म्हणजे पोपला मानणारं पण पूर्वेकडच्या रीतीनं उपासना करणारं चर्च, सोव्हिएत सत्तेनं १९४६ साली मोडून काढलं. त्यानंतर १९८९पर्यंत त्याची उपासना मायदेशी लपूनछपून आणि परदेशी उघडपणे, अशी दोन ठिकाणी चालू होती. आणि १९३२-३३चा होलोदोमोर, म्हणजे स्टालिनच्या धोरणांनी घडवलेला दुष्काळ, ज्यात लाखो माणसं उपाशी मेली. सोव्हिएत युक्रेनमध्ये त्याचा उच्चार करणं धोक्याचं होतं. त्याचं पहिलं सार्वजनिक स्मारक १९८३ साली कॅनडातल्या एडमंटन शहराच्या नगरपालिकेसमोर उभं राहिलं. दर नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी मेणबत्त्या लावून त्या मृतांचं स्मरण होतं. याला मी कार्यक्रम म्हणतो, पण ती साक्ष आहे. जे घरी बोलता येत नव्हतं, ते इथे बोललं गेलं.

या समाजानं कॅनडालाही बदललं. सिनेटर पॉल युझिक यांनी १९६४ साली सिनेटमधल्या पहिल्याच भाषणात सांगितलं की हा देश फक्त इंग्रज आणि फ्रेंचांचा नाही. ऑक्टोबर १९७१मध्ये पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी संसदेत बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी विनिपेगला युक्रेनियन परिषदेसमोर ते बोलले. १९७४पासून एडमंटनच्या शाळांत इंग्रजी-युक्रेनियन वर्ग सुरू झाले. १९७५ साली आल्बर्टातल्या व्हेग्रव्हिल गावात अॅल्युमिनियमची नऊ मीटरहून उंच पिसांका उभी राहिली. पिसांका म्हणजे मेणानं नक्षी रेखून, फिक्याकडून गडद रंगाकडे जात, एकेक रंगात बुडवत रंगवलेलं ईस्टरचं अंडं. ही भव्य पिसांका वाऱ्याबरोबर फिरते. कॅनडाच्या घोडेस्वार पोलीसदलाच्या शताब्दीनिमित्त ती उभारली. ज्यांच्या आजोबांना हजेरी लावावी लागली, त्यांनी ती उभारावी यात मला मोठं मन दिसतं.

या सगळ्यामागे हात कुणाचे, हेही सांगायला हवं. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या बायका एकत्र बसून पिरोही भरतात. करंजीसारखा आकार, आत बटाट्याचं किंवा चीजचं सारण, पण तळायचं नाही, पाण्यात उकळायचं. विक्रीच्या पैशातून चर्चचा, सभागृहाचा खर्च भागतो. नर्तकांची नावं कार्यक्रमपत्रिकेत छापतात, या बायकांची क्वचितच.

२०२२च्या रशियन आक्रमणानंतर जवळपास तीन लाख युक्रेनियन कॅनडात आले. पुष्कळजण मोठ्या शहरांतले, पूर्वेकडचे. त्यांना इथे पणजोबांच्या गालिसियाची बोली ऐकू येते. इथल्यांना त्यांचं आजचं युक्रेन कळायला वेळ लागतो. शनिवारच्या शाळांत दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात, आणि मला हे या शंभर वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं. मतभेदाचा एक मुद्दा तारखेचाही आहे. युक्रेनमध्ये २०२३पासून नाताळ ७ जानेवारीऐवजी २५ डिसेंबरला आला. कॅनडात बारा बिनमांसाच्या पदार्थांचं नाताळच्या पूर्वसंध्येचं जेवण ६ जानेवारीला व्हायचं आणि जुन्या पंचांगाच्या वर्षअखेरीची मलान्का १३ जानेवारीला. श्चेद्रिकसारखी गाणी त्याच रात्रीची. आता काही चर्चेसनी नवी तारीख घेतली, काहींनी जुनीच ठेवली, तर काही घरांत दोन्ही दिवशी ताट वाढलं जातं. माझ्या मते नाताळाचं जे व्हायचं ते होवो, पण मलान्काच्या त्या जानेवारीतल्या रात्री सभागृहांनी सोडू नयेत.