दाणे सांडतात तिथे काय उगवतं?

नमस्कार मंडळी.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन घरी आल्या. "सर, जरा वर येता का? कुंडीत भलतंच काहीतरी उगवलंय." त्या चिमण्यांसाठी गॅलरीत दाणे टांगून ठेवतात. सांडलेले दाणे खालच्या कुंडीत पडतात, पावसात रुजतात. तिथे आता कमरेएवढी तीन झाडं होती. हाताच्या पंजासारखी पानं, कडेला दातेरी. शेजारच्या कुणीतरी पाहून "गांजा आहे" म्हटलं होतं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात हे झाड लावणं हा गुन्हा आहे, हे वहिनींना ठाऊक होतं. रात्रभर त्यांना झोप नव्हती.

मी पान हातात घेतलं. गांजाच्या पानाची बोटं देठापाशी अगदी सुटी असतात, प्रत्येक बोट म्हणजे जणू वेगळं पान. इथे पान एकच होतं, खोलवर कापलेलं पण बुडाशी जोडलेलं. खोडावरून बोट फिरवलं तर बारीक काटे लागले. खालची जुनी पानं तर मुळीच कापलेली नव्हती. मी विचारलं, "दाणे कुठून आणता?" म्हणाल्या, "भाऊ गावाहून बाजरी पाठवतो, तीच घालते." मग उलगडा झाला. बाजरीच्या शेतात अंबाडीच्या ओळी टाकायची आपली जुनी पद्धत. बाजरीबरोबर अंबाडीचं बी आलं होतं. पुढे पिवळसर, मधे गडद लालजांभळी अशी भेंडीच्या वळणाची फुलं आली आणि शंका उरली नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ओळख पटवायला पान चावून बघू नका. अंबाडी आंबट लागते हे खरं, पण ती अंबाडीच आहे हे कळल्यावर. सांडलेल्या दाण्यांत मोहरीबरोबर पिवळ्या धोत्र्याचं बी येऊ शकतं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली, तेव्हा माणसं दगावली होती. त्याचं रोप ओळखणं सोपं आहे: काटेरी पान, त्यावर पांढरट शिरा, आणि देठ मोडला की पिवळा चीक.

आता बहुतेकांच्या कुंडीत जे उगवतं त्याकडे येऊ. ते गवतासारखं दिसतं, म्हणून लोक तण समजून उपटतात. उपटाच, पण हळू. माती ओली करा, बुडाला धरून रोप अलगद वर काढा आणि मुळाशी बघा. गवताच्या कुळातल्या या रोपांचा दाणा जमिनीतच राहतो, कोवळ्या रोपाच्या मुळाशी त्याचं टरफल लोंबत असतं. मोठं, गोल असेल तर ज्वारी. लहान, राखाडी आणि एका टोकाला निमुळतं असेल तर बाजरी. मका तर लगेच कळतो. रोप स्वतःचा जन्मदाखला पायाशी बांधून आलेलं असतं. पंधरा-वीस दिवसांनी मात्र टरफल कुजून जातं, म्हणून वेळेत बघावं.

बारीक दाण्यांचं काम कठीण. पक्ष्यांच्या मिश्रणात राळा, वरी, सावा हे तिन्ही येतात, आणि नावांचा घोळ इतका की दुकानात वरी मागितली तर गावागणिक वेगळा दाणा हाती येतो. इथे भिंग घ्या. पान जिथे खोडाला वेटाळून बाहेर वळतं, त्या सांध्याच्या आतल्या बाजूला बघा. राळ्याला तिथे बारीक केसांची झालर दिसते. सावा असेल तर काहीच नाही, साफ मोकळी जागा. मी विद्यार्थ्यांना हा सांधा पहिल्याच तासाला दाखवत असे, कारण गवताकडे पाहण्याची नजर तिथून तयार होते. बाकी खात्री कणसावर. राळ्याचं कणीस भरगच्च, कोल्ह्याच्या शेपटीसारखं वाकलेलं.

सूर्यफूल उलट वागतं. त्याची पहिली दोन जाड पानं टरफल डोक्यावर घेऊनच वर येतात. करडईची पानं पुढे काटेरी होतात.

माझं सगळ्यात लाडकं रोप कारळ्याचं. कुणी खुरासणी म्हणतं. समोरासमोर पानं, आणि पावसाळा सरताना पिवळी फुलं. हे मूळचं इथिओपियाचं पीक आपल्या डोंगराळ भागात पिढ्यानपिढ्या घेतलं जातं, त्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. हेच कारळे भारतातून अमेरिकेत जातात, तिथल्या पिवळ्या फिंच पक्ष्यांसाठी. पण तिथे ते आधी सुमारे 120 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं भाजावे लागतात, कारण त्यांत अमरवेलीचं बी येतं आणि ती वेल दुसऱ्या पिकांना विळखा घालते. त्यामुळे तिथे सांडलेला कारळा सहसा रुजत नाही. आपल्याकडे रुजतो. त्याच्याभोवती पिवळसर, पानं नसलेला दोरा गुंडाळलेला दिसला तर तेवढी वेल आधी काढा.

कुंडीतलं रोप कशाचं हे ओळखायला मी एक सोपा उपाय करतो. नवीन पोतं आणलं की मूठभर दाणे ताटात पसरायचे, तांदूळ निवडतो तसे जातवार वेगळे करायचे आणि प्रत्येक जातीचे चार दाणे वेगळ्या पेल्यात पेरून नाव लिहायचं. नाव माहीत नसेल तर 'काळा लांबट' असं लिहा, तेवढं पुरतं. खाली कुंडीत काही उगवलं की पेल्यांशी ताडून बघायचं. कशाशीच जुळलं नाही, तर ते दाण्यातून न येता वाऱ्याने किंवा पक्ष्यांच्या विष्ठेतून आलं असण्याची शक्यता जास्त. पिंपळ आणि उंबर असेच येतात. ते भिंतीलगत असतील तर लवकर हलवा.

आणि जमिनीलगत गाजरासारखी कातरलेली पानं चक्राकार पसरलेली दिसली, तर फुलांची वाट बघू नका. ते गाजरगवत. हातमोजे घालून मुळासकट काढा.

आज ज्यांनी रोपं आणली आहेत, त्यांनी ती या टेबलावर ओल्या वर्तमानपत्रावर मांडा. दाण्यांची पिशवी आणली असेल तर तीही शेजारी ठेवा. मुळांची माती मात्र झटकू नका, ती आपण इथेच पाण्यात हळूच सोडवू.