घाम यावा, पण वाळावा

श्रोतेहो,

इथे येण्यापूर्वी मी दोन रुमाल एकाच नळाखाली भिजवले आणि सारखेच पिळले. त्यांपैकी एक मी या खुर्चीच्या पाठीवर पसरून टाकतो आणि दुसऱ्याचा बोळा करून टेबलावर ठेवतो. दोन्हींत पाणी जवळपास तेवढेच आहे, तरी एक लवकर वाळेल आणि दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत कुबट वास येऊ लागेल. उष्ण आणि दमट प्रदेशात घामाचा जो त्रास होतो, तो बहुतांशी या दुसऱ्या रुमालाचा त्रास आहे. आपण मात्र ‘घाम फार येतो’ एवढेच म्हणतो आणि तो बंद कसा करायचा, ते विचारतो. आधी घाम वाळेल याची सोय करावी, आणि जिथे तो खरोखर अडवायलाच हवा तिथे शरीराचा थोडा भाग निवडून तेवढ्यापुरताच अडवावा, असे माझे मत आहे.

शरीर सतत उष्णता निर्माण करत असते. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि ओझे वाहणारा किंवा धावणारा त्याच्या कितीतरी पट. भोवतालची हवा गार असेल तर ही उष्णता त्वचेवरून आपोआप निघून जाते; परंतु उन्हाळ्यात त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सियस असते आणि हवाही तेवढी तापली की ती वाट बंद होते. मग हाताशी उरतो फक्त घाम. मेंदूतले हायपोथॅलॅमस हे केंद्र रक्ताच्या तापमानावर नजर ठेवून असते, आणि ते किंचित चढताच अंगभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी कामाला लागतात. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलो वजनाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण ५८ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे त्या एका लिटराने दहा अंशांची चढण टाळली. हा हिशेब अर्थातच वाळलेल्या घामाचा आहे. हनुवटीवरून जमिनीवर टपकलेला थेंब शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन गेला, पण गारवा देऊन गेला नाही.

कोरड्या हवेत या व्यवस्थेची ताकद किती असते, ते ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले. ते आणि त्यांचे सहकारी मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरले. एका प्रयोगात तिथले तापमान २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सियस होते. त्या तापलेल्या हवेत ठेवलेली अंडी घट्ट झाली, मांसाचा तुकडा शिजला, आणि माणसे मात्र काही मिनिटांनी आपल्या पायांनी बाहेर आली. घाम वाळत होता म्हणून हे शक्य झाले. हवा ओलीचिंब असती तर याच्या निम्म्याहून कमी तापमानातही त्यांची धडगत नव्हती.

दमटपणा मोजण्याची जुनी युक्ती म्हणजे तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळणे. हवा कोरडी असेल तर फडक्यातले पाणी वाळते आणि पारा उतरतो. हवा बाष्पाने भरलेली असेल तर तो जवळजवळ हलत नाही. हा ओला तापमापक म्हणजे घामेजलेल्या माणसाचा प्रतिनिधीच होय. त्याने ३५ अंश दाखवले तर सावलीत, विवस्त्र, पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही फार तास तग धरू शकणार नाही, असा सैद्धांतिक अंदाज शेरवूड आणि ह्यूबर या हवामानशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडला. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात निरोगी तरुणांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा त्याहून बरीच खाली, ३१ अंशांच्या आसपासच गाठली जाते असे आढळले. म्हणून नुसत्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नये. ३३ अंशांचा दमट दिवस ४० अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा जड जाऊ शकतो.

आता वाळण्याची सोय कशी करायची, ते पाहू. घामेजलेल्या त्वचेलगत बाष्पाने भरलेल्या हवेचा एक पातळ थर साचून राहतो आणि तो हलला नाही तर मागचा घाम उडत नाही. पंखा हवा गार करत नाही. तो हा थर ढकलून देतो, आणि तेवढे पुरते. मात्र हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारू लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही तसा इशारा आहे. अशा वेळी अंगावर पाणी शिंपडावे, ओले फडके मानेवर आणि हातांवर फिरवावे किंवा थंड जागी जावे. म्हाताऱ्या माणसांच्या घर्मग्रंथी कमी घाम देतात आणि त्यांना तहानही उशिरा लागते. त्यांना पंख्यासमोर बसवून आपण निश्चिंत होऊ नये.

घाम सारखा पुसावा की नाही, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कपाळावर, हातांवर पातळ ओलावा असेल तर तो राहू द्यावा, कारण तोच उडून गारवा देणार आहे. धारा लागल्या असतील तर पुसण्यात काही तोटा नाही. उलट त्वचा फार वेळ भिजून राहिली की तिचा वरचा थर फुगतो, घामाच्या नळ्यांची तोंडे दबतात आणि घाम येणेच मंदावते. अंग टिपून कोरडे केले की ग्रंथी पुन्हा नीट काम करू लागतात. टिपावे म्हणतो, घासू नये.

कपड्यांबाबत मघाचा रुमाल आठवावा. (खुर्चीवरचा एव्हाना कडेने सुकू लागला आहे; बोळा जसाच्या तसा आहे.) पातळ सुती कापड घाम शोषते ही चांगली गोष्ट, पण ते अंगाला चिकटून बसले आणि वारा आत शिरला नाही तर त्याचा बोळाच झाला. म्हणून कापडाच्या जातीइतकाच सैलपणा महत्त्वाचा आहे. श्रमाच्या कामाला किंवा व्यायामाला ओल बाहेरच्या बाजूला ओढून घेणारे कृत्रिम धाग्याचे कपडे सोयीचे पडतात, कारण ते झटपट वाळतात. परंतु पॉलिएस्टरमध्ये वास सुतीपेक्षा अधिक धरून राहतो, तेव्हा ते न धुता दुसऱ्या दिवशी घालू नयेत. दिवसाकाठी एक जादा बनियन आणि मोज्यांचा एक जोड बरोबर ठेवणे हा मला ठाऊक असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि लोक तो सर्वांत कमी करतात.

जो घाम गेला तो भरून काढावा लागतो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याचा घाम तासाला एक लिटर, प्रसंगी दोन लिटरही जाऊ शकतो. आपला किती जातो हे जाणून घ्यायचे असेल तर कामाच्या आधी आणि नंतर, अंग कोरडे करून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. मधे प्यायलेले पाणी हिशेबात धरावे. एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. तहान लागेपर्यंत थांबून मग घटाघटा पिण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, आणि तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. हे वरचे बंधन अनेकांना चमत्कारिक वाटते, पण घामाबरोबर मीठही जाते आणि नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही. १९२३ साली के. नेव्हिल मॉस यांनी ब्रिटनमधल्या खोल, तप्त कोळसाखाणींतल्या कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा भरपूर घाम गाळून नुसते साधे पाणी पिणाऱ्यांना स्नायूंत भयंकर गोळे येत असल्याचे आणि पाण्यात थोडे मीठ घातल्यावर ते टळत असल्याचे दिसून आले. एक लिटर घामाबरोबर अंदाजे एक ग्रॅम सोडियम जाते, माणसागणिक बरेच कमीजास्त. बैठे काम करणाऱ्याचे हे नुकसान रोजच्या जेवणातून भरून निघते आणि त्याने वेगळे मीठ खाण्याचे कारण नाही, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याने मात्र जेवण चुकवू नये आणि मधूनमधून जलसंजीवनी घ्यावी.

शरीर उन्हाळ्याला सरावते, आणि ते सरावणे म्हणजे घाम कमी होणे नव्हे. सात ते चौदा दिवस रोज उष्णतेत काम केल्यावर घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातले मीठ घटते, कारण ग्रंथीची नळी सोडियम परत शोषून घ्यायला शिकते. कामावर नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे, हा औद्योगिक आरोग्यातला नियम यावरूनच आला. सुटीवरून परतलेल्यालाही तो थोडाफार लागू आहे.

घामावाटे शरीरातली विषारी द्रव्ये निघून जातात, ही समजूत मी थोडक्यात बाजूला ठेवतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम म्हणजे पाणी, मीठ आणि इतर काही पदार्थांचे अंश.

त्वचेच्या तक्रारी ओल अडकल्यामुळे होतात. घामोळे उठते ते घामाच्या नळीचे तोंड बंद होऊन घाम त्वचेतच झिरपल्यामुळे. त्यावर तेलकट मलम चोपडणे म्हणजे बंद तोंडावर आणखी एक बूच बसवणे होय. गार जागा, सैल कपडे, गार पाण्याची अंघोळ आणि फार टोचत असेल तर कॅलमाइन लोशन एवढ्याने ते काही दिवसांत जाते. पावडर लावायचीच असेल तर पूर्ण कोरड्या अंगावर हलका हात फिरवावा. ओल्या काखेत तिचा लगदा होतो, आणि तान्ह्या मुलांच्या नाकातोंडात तिची भुकटी जाऊ देऊ नये. जांघेत, काखेत, स्तनांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली की त्वचा सोलवटते आणि मग तिथे बुरशी धरते, तेच गजकर्ण. अंघोळीनंतर या जागा टिपून, दोन मिनिटे वाऱ्यावर वाळू देऊन मग कपडे चढवावेत. गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेले मलम दुकानातून आणून लावणे हा उष्ण प्रदेशातला मोठाच घोळ आहे: दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी मात्र ठळक कडा हरवून ओळखू न येईल अशा रूपात पसरत जाते.

वासाचा प्रश्न पुष्कळांना घामाहून जास्त छळतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या आणि जांघेतल्या निराळ्या जातीच्या ग्रंथी, ज्या वयात येताना जाग्या होतात, त्यांचा दाटसर स्राव त्वचेवरचे जिवाणू फोडतात आणि तो दर्प सुटतो. डिओडरंट या वासावर काम करते. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीत तात्पुरते बूच बसवतात. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्यावे. दुसऱ्या प्रकारचे द्रव्य सकाळी घाईत, घामेजलेल्या काखेत फासले तर बूच बसण्याआधीच वाहून जाते. ते रात्री, कोरड्या त्वचेवर लावावे, कारण तेव्हा घाम कमी असतो, आणि सकाळी धुऊन टाकावे.

काहींच्या बाबतीत मात्र हवामानाला दोष देऊन भागत नाही. माझ्याकडे उपचारासाठी एक मुलगा आला होता. परीक्षेत तो उजव्या मनगटाखाली घडी घातलेला रुमाल ठेवून लिहीत असे, तरी उत्तरपत्रिकेवर शाई फुटायची. गार खोलीतही त्याच्या तळहातांवर थेंब उभे राहत, आणि झोपेत हात कोरडे असत. दोन्ही बाजूंना सारखा, लहान वयात सुरू झालेला, झोपेत थांबणारा आणि बहुधा घरात आणखी कुणाला असलेला असा घाम हा त्या ग्रंथींच्या मज्जातंतूंच्या अतिउत्साहाचा प्रकार असतो. याउलट प्रौढपणी अचानक सुरू झालेला, सर्वांगाला येणारा किंवा एकाच बाजूचा घाम तपासून घ्यावा. रात्री चादर भिजवणारा घाम, सोबत ताप आणि घटते वजन असेल तर क्षयरोगासारखे कारण शोधावे लागते. थायरॉइडचा विकार, मधुमेहात साखर एकदम उतरणे आणि काही औषधे हीही कारणे असतात. छातीत दुखत असताना सुटलेला गार घाम घेऊन तर थेट रुग्णालयात जावे. आणि उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याचे अंग ओले आहे की कोरडे, यावर वेळ दवडू नये. तो उष्माघात समजून मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत मिळेल त्या गार पाण्याने त्याला भिजवत राहावे.

त्या मुलाला आम्ही पाण्याच्या उथळ तबकांत हात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार दिला. दर वेळी वीस-तीस मिनिटे, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. परीक्षेपर्यंत रुमालाची गरज उरली नाही, पुढे अधूनमधून उपचार चालू ठेवावा लागला. काखेसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात त्याची, इंजेक्शने काही महिने पुरतात. मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेने तळहात कोरडे होतात, पण पुष्कळांना त्याबदल्यात पाठ, पोट आणि मांड्यांवर घामाच्या धारा लागतात, आणि उष्ण प्रदेशात राहणाऱ्याने तो सौदा दहादा विचार करून करावा. घाम कमी करणाऱ्या गोळ्यांबाबत मी याहून कडक आहे. त्या निवडक जागा ओळखत नाहीत. तळहातांबरोबर पाठीचा आणि छातीचाही घाम आटवतात, तोंड कोरडे पाडतात, आणि ज्या दिवशी शरीराला गारव्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी त्याचे हात बांधून ठेवतात. म्हणून त्या घेणाऱ्यांना मी बजावतो की कडक उकाड्यात मैदानावर किंवा भट्टीसमोर काम करायचे असेल, तर त्या दिवशीच्या गोळीबद्दल आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.