कुसळ आणि डोळा

मंडळी, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही जोडी आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ती वाचताना आपण काही नवे ऐकतो आहोत असे वाटतच नाही, आणि त्यामुळे त्या उताऱ्याचा शेवट नजरेतून निसटतो. कुसळ तसेच राहू द्या, असे येशू म्हणत नाही. आधी आपले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे तो म्हणतो. कुसळ खुपते आहे म्हणून ते काढायचेच आहे. मात्र ते काढताना डोळा फोडायचा नाही.

त्याच अध्यायाच्या आरंभीचे 'कोणाचे दोष काढू नका' हे वाक्य मराठीत ऐकले की चुकीला चूक म्हणण्याचीच बंदी झाली असे वाटते. मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो' असे आहे आणि त्यात पारख करणे, निवाडा देणे, दोषी ठरवणे असे सगळे अर्थ येतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तेच क्रियापद वापरून येशू सांगतो, की वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. तेव्हा न्याय करण्याची बंदी नाही; प्रश्न कशाचा न्याय करायचा, कृत्याचा की माणसाचा, हा आहे. (ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप्प बसवण्यासाठी मत्तयातले ते वचन अनेकदा पुढे केले जाते, हे मी खेदाने नोंदवतो.)

आपल्या भाषेतच या भेदाची खूण आहे. 'तो खोटे बोलला' हे एका घटनेचे वर्णन झाले. 'तो खोटारडा आहे' म्हटले, की क्रियापदाचे नाम झाले आणि त्या माणसाला खरे बोलायला जागाच उरली नाही. योहानाच्या आठव्या अध्यायातला प्रसंग आपण 'व्यभिचारिणीची गोष्ट' म्हणून सांगतो, पण ग्रीक मजकुरात ती 'व्यभिचार करताना धरलेली स्त्री' आहे. व्यभिचारिणी हे नाव आपण दिलेले आहे. येशू तिला दोषी ठरवत नाही आणि जे घडले त्याला पाप म्हणायचेही सोडत नाही. 'जा, यापुढे पाप करू नकोस' असे तो सांगतो.

इथे कोणी विचारील, की मग त्याच येशूने शास्त्री आणि परूशी या त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना 'ढोंगी' आणि 'सापांची पिल्ले' कसे म्हटले? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मला एवढेच दिसते, की ते शब्द त्याने अधिकार गाजवणाऱ्यांना तोंडावर ऐकवले, त्यांच्या एकेका कृत्याचा हिशेब मांडत ऐकवले, आणि तोच अध्याय कोंबडी पिलांना पंखाखाली घेते त्या उपमेने, यरुशलेमसाठीच्या विलापाने संपतो. आपण एखाद्याला नाव ठेवतो तेव्हा त्याच्यासाठी असा विलाप करतो का, हे ज्याने त्याने पाहावे.

संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात एका मठातील भगिनींना लिहिलेल्या पत्रात माणसांवर प्रेम आणि दुर्गुणांचा तिटकारा असा जोड सांगितला आहे. आज त्याचे सुभाषित झाले आहे, पण पत्रात तो शिस्तीची पद्धत सांगत होता. एखादी भगिनी शस्त्रक्रियेच्या भीतीने शरीरावरची जखम लपवू लागली, तर तिच्यासाठी गप्प राहणे क्रूरपणाचे ठरेल, मग मनातली जखम झाकणे दयाळूपणाचे कसे, असे तो विचारतो.

हा नियम स्वतःला लावताना आपण अधिक फसतो. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देताना, 'मी फार पापी आहे' असे म्हणणे सोपे असते. ऐकायला नम्र वाटते आणि त्यात काहीच कबूल करावे लागत नाही. म्हणून कॅथॉलिक परंपरा गंभीर पापांच्या बाबतीत काय केले आणि किती वेळा केले, ते सांगायला लावते. दावीद राजाचेही असेच झाले. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या श्रीमंताला त्याने तत्काळ मृत्युदंड सुनावला. 'तो मनुष्य तूच आहेस' असे म्हणून नाथान थांबला नाही, तर उरियाला तू तलवारीने मारवलेस, त्याची बायको घेतलीस, अशी कृत्ये त्याने मोजून दाखवली. त्यानंतर दावीदाने कबुली दिली.

आपल्या देशातले एक उदाहरण मला वारंवार आठवते. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये भोसकून हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारिया यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. खुनाला खून म्हणणारा न्यायालयाचा निकाल त्या राखीने पुसला नाही. तिने फक्त 'खुनी' या नामाच्या जागी 'भाऊ' हे नाम ठेवले, आणि ते ठेवताना त्या घराला काय सोसावे लागले असेल याचा अंदाज मला करवत नाही. 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा जमलेल्या लोकांत तोही होता.