मधला खांब

[दृश्य : टोरोंटोचं आकाश, सीएन टॉवर]

हा टोरोंटोचा सीएन टॉवर. उंची ५५३ मीटर. माणसं लिफ्टनं वर जातात, शहर बघतात, खाली येतात. पण १९९८ साली आलेल्या एका कादंबरीत या टॉवरवरून देव उतरतात.

कादंबरी 'ब्राउन गर्ल इन द रिंग', लेखिका नॅलो हॉपकिन्सन. जन्म जमैकाचा, लहानपण गयाना-त्रिनिदादमध्येही गेलेलं, आणि १९७७ साली त्या कॅनडात आल्या. ही त्यांची पहिलीच कादंबरी.

गोष्ट पुढच्या काळातली. सरकारनं टोरोंटोचा मध्यभाग वाऱ्यावर सोडलाय. पैसेवाले उपनगरांत निघून गेलेत. मागे राहिलेल्यांना ना पोलीस, ना दवाखाना. तिथे ग्रो-जीन नावाची आजी लोकांचं औषधपाणी करते. ती शिकलेली नर्स, शिवाय झाडपाल्याची जाणकार आणि देवांची सेवेकरी. नात टी-जीन, पदरात तान्हं बाळ. तिला माणसांची मरणं आधीच दिसतात, आणि नेमकं हेच तिला नको असतं.

[दृश्य : उखळ, उंबऱ्यावर सांडलेले तांदूळ]

त्या बाळावर टपलेली असते सूकूयाँ. त्रिनिदादच्या लोककथांमधली ही म्हातारी दिवसा चारचौघींसारखी असते. रात्र पडली की कातडी उतरवते, उखळात दडवते आणि आगीचा गोळा होऊन रक्त प्यायला निघते. तिच्यावरचा उतारा घरातलाच. दारात तांदूळ सांडायचे. दाणान् दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही, आणि मोजता मोजता उजाडतं. नाहीतर तिची कातडी शोधून तिला मीठ चोळायचं. पहाटे ती अंगावर चढवली की नुसती आग आग. मूठभर तांदूळ आणि चिमूटभर मीठ. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, त्यांनी रचलेली ही कथा आहे, आणि म्हणूनच ती मला फार मोलाची वाटते.

[दृश्य : ऊसमळ्याचं जुनं चित्र]

मंत्र-औषधाच्या अशा विद्येला कॅरिबियन बेटांवर ओबिया म्हणतात. गुलाम राबवणारे मळेवाले तिला खरोखर घाबरत. १७६० साली जमैकात टॅकी नावाच्या गुलामानं बंड पुकारलं. ओबिया जाणणाऱ्यांनी बंडखोरांना धीर दिला होता. बंड चिरडल्यावर त्याच वर्षी ओबियाविरुद्ध कायदा झाला. शिक्षा मृत्युदंडाची किंवा हद्दपारीची. तेव्हापासून हे ज्ञान चोरून जपलं गेलं, आजीनं नातीच्या कानात सांगितलेलं.

कादंबरीतला खलनायक रुडी हा टी-जीनचा सख्खा आजोबा. विद्या त्यालाही येते. पण आजी देवांची सेवा करते, आणि रुडी मेलेल्यांना राबवतो. एक आत्मा तर त्यानं भांड्यात कोंडून ठेवलाय. पापाची ही व्याख्या गुलामीतून आलेल्या माणसांनाच सुचू शकते. हैतीत झोंबीची खरी धास्ती हीच होती : मेल्यावरही सुटका नाही, मळ्यावर राबणं चालूच.

[दृश्य : पुन्हा टॉवर, खालून वर]

रुडीचा अड्डा याच टॉवरमध्ये. शेवटी टी-जीन त्याच्या तावडीत सापडते. सोबत कुणी नाही. तेव्हा तिला आजीची शिकवण आठवते. वूडू हा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी हैतीत जपलेला धर्म. त्याच्या देवळात मधोमध एक खांब असतो, त्यावरून देव खाली येतात.

आपण कुठे आहोत, हे तिच्या एकदम ध्यानात येतं. आणि ती एकेकाचं नाव घेऊन हाका मारायला लागते.