दोन फोटो, अर्धा सेकंद

[दृश्य : गाडीच्या पुढच्या काचेतून पहाटेचा रस्ता. वायपर दोनदा फिरतो. दूर खांबावर करड्या रंगाची पेटी.]

डाव्या हाताच्या खांबावरची ही वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची पेटी बघा. दिवसा तिच्याकडे लक्षही जात नाही. रात्री मात्र गाडी पुढे गेली की मागच्या आरशात पांढरा लखलखाट होतो आणि पाय आपसूक ब्रेकवर जातो. तोवर उशीर झालेला असतो.

[दृश्य : टेबलावर दंडाची नोटीस. कॅमेरा हळूहळू फोटोवर जातो.]

ही माझ्या गाडीची नोटीस. वेग ताशी ८६ किलोमीटर, मर्यादा ७०. घडल्या दिवसापासून सात आठवड्यांनी ती हातात पडली. त्यात एक फोटो आहे, एक आकडा आहे आणि भरायची रक्कम आहे. फोटोत गाडीची मागची बाजू, नंबरप्लेट आणि रस्त्याच्या कडेला रंगवलेल्या पांढऱ्या रेघा दिसतात. त्या रेघा कशासाठी आहेत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

फोटोत धावती गाडीही उभीच दिसते. मग या एका चित्रावरून ८६ हा आकडा काढला कसा? एवढंच मी विचारलं होतं. उत्तर आलं ते रक्कम भरायच्या मुदतीचं.

[दृश्य : ट्रकतळ. चालकांचे चेहरे, एकामागून एक. कोणी मोबाइल पुढे धरतो, कोणी घड्या पडलेला कागद. मूळ आवाज. इथे निवेदन नाही.]

[दृश्य : झाडाच्या फांदीआड अर्धी झाकलेली वेगमर्यादेची पाटी. वाऱ्याने फांदी हलते, आकडा दिसतो, पुन्हा लपतो.]

कॅमेरे काढून टाका, असं आम्हाला भेटलेल्यांपैकी फार थोडे जण म्हणाले. तक्रारी वेगळ्या होत्या. पाटी दिसत नाही. मर्यादा मध्येच ८० वरून ५० वर येते आणि पुढच्या वळणावर पुन्हा ८० होते. नोटीस इतकी उशिरा येते की त्याच जागी तोवर आणखी दोनदा फोटो निघालेला असतो. पहिली चूक वेळेत कळली असती, तर पुढच्या दोन झाल्याच नसत्या. गाडी मालकाची, चालवणारा पगारी, नोटीस मालकाच्या नावावर आणि कपात मात्र चालकाच्या पगारातून. कधी अक्षरं वाचणारं यंत्र नंबरप्लेटवरच्या ‘बी’ला आठ समजतं आणि दंड भलत्याच्याच दारात येतो.

यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येण्यासारखी आहे. पण त्यासाठी वेग कसा मोजतात, हे आधी समजून घ्यावं लागेल.

[दृश्य : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मोटारीचं जुनं चित्र. लाकडी चाकं, वर टप नाही.]

२८ जानेवारी १८९६. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं पॅडॉक वूड हे गाव. वॉल्टर अरनॉल्ड नावाचे गृहस्थ मोटार घेऊन गावातून गेले. वेग ताशी ८ मैल, म्हणजे साधारण १३ किलोमीटर. गावात मर्यादा होती ताशी २ मैल. माणूस चालतो त्याहूनही कमी! जेवत्या ताटावरून उठलेल्या शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडलं. अतिवेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. भरधाव मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला जगातला पहिला चालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. मग सायकल पुरेना. शिपायांनी अंतर मोजून दोन खुणा केल्या, स्टॉपवॉच घेतलं आणि झुडपाआड दबा धरला. पहिल्या खुणेवर घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. अंतर भागिले वेळ. आजच्या अनेक कॅमेऱ्यांचा हिशेबही याहून निराळा नाही. हा संबंध माहितीपट त्या एका भागाकारावर उभा आहे.

[दृश्य : जुनं छायाचित्र. सायकलवर गणवेशातला माणूस, हात कपाळाशी.]

लपलेल्या शिपायांवर उतारा म्हणून १९०५ मध्ये ब्रिटनमधल्या मोटारचालकांनी ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन केली. तिचे सायकलस्वार पुढे जाऊन चालकांना सावध करत. १९१० मध्ये न्यायालयाने ठरवलं की भरधाव येणाऱ्याला असा इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. संघटनेने त्यातूनही वाट काढली. गाडीवर संघटनेचा बिल्ला दिसला की सायकलस्वार सलाम करायचा. सलाम केला नाही, तर गाडी थांबवून कारण विचारायचं, असं सभासदांना सांगितलेलं. गप्प राहण्यालाच इशाऱ्याचा अर्थ आला होता आणि गप्प राहिल्याबद्दल कोणावर खटला भरता येत नव्हता.

[दृश्य : १९५० च्या दशकातल्या शर्यतीची जुनी फिल्म. बर्फातलं वळण, गाडी घसरत सावरते.]

आणि आता या पेटीचा जनक. नाव मॉरिस गॅटसोनिडीस, हॉलंडचे शर्यतपटू. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारे. वळणावर आपण नेमके किती वेगाने जातो, हे त्यांना मोजून हवं होतं, कारण त्यांना आणखी जोरात जायचं होतं. त्यासाठी त्यांनी यंत्र बनवलं. रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकायच्या. पहिल्या नळीवर चाक आलं की घड्याळ सुरू, दुसरीवर आलं की बंद. तीच झुडपाआडची युक्ती, फक्त माणसाचं बोट वगळून. १९५८ मध्ये त्यांनी कंपनी काढली. पुढे नळ्यांच्या जागी रडार आलं, त्याला कॅमेरा जोडला गेला आणि ‘गॅटसो’ हे नाव अनेक देशांतल्या चालकांच्या तोंडी बसलं.

ज्याला स्वतःचा वेग स्वतः पडताळायचा होता, अशा एका चालकाने हे यंत्र घडवलं. माझी मागणी त्याहून काहीच वेगळी नाही.

[दृश्य : रस्त्याची एक बाजू बंद. गोल पात्याची करवत डांबरात घुसते. पाणी, करडा चिखल, आवाज. मग खाचेत तांब्याची तार बसवणारे हात.]

हे काम आम्हाला जवळून चित्रित करता आलं. करवतीने डांबरात चौकोनी खाच पाडतात. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेढे बसवतात आणि वरून काळा चिकट मसाला ओतून खाच बंद करतात. तारेतून सतत बारीक प्रवाह फिरत असतो. वरून धातूची गाडी गेली की वेटोळ्याचा विद्युत गुणधर्म किंचित बदलतो आणि पेटीतल्या यंत्राला ते कळतं. पुढे ठरावीक अंतरावर दुसरं वेटोळं असतं. पहिल्यावर गाडी आली कधी, दुसऱ्यावर कधी, यांतल्या वेळेने अंतराला भागलं की वेग निघतो.

दोन वेटोळ्यांमधलं अंतर चुकलं, तर आकडाही चुकणार. म्हणून ही माणसं तार बसवण्याआधी पट्टीने तीन तीनदा मोजतात. तो पट्टीवरचा अंगठा बघा. आपल्या नोटिशीवरच्या आकड्याची सुरुवात या अंगठ्यापाशी होते.

[दृश्य : आगगाडी शिट्टी वाजवत फलाटावरून जाते. आवाज चढतो, मग उतरतो.]

रडारचं तत्त्व या शिट्टीत ऐकू येतं. गाडी जवळ येताना आवाज तीव्र, लांब जाताना जाड. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये हा परिणाम मांडला. रडार गाडीवर लहरी सोडतं, आणि परत आलेल्या लहरींची कंप्रता, म्हणजे सेकंदाला किती लहरी येतात ती, किती बदलली यावरून वेग काढतं.

इथे एक मेख आहे. रडार गाडीच्या नाकासमोर नसतं, कडेला तिरकं असतं. तिरक्या कोनातून वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. २० अंशांच्या कोनात ताशी १०० चा वेग ९४ भासतो. यंत्र तेवढी भर घालून आकडा दुरुस्त करतं. म्हणजे दुरुस्ती कोनावर अवलंबून. वाऱ्याने, धक्क्याने खांब थोडा फिरला आणि यंत्र मात्र जुनाच कोन धरून बसलं, तर दुरुस्तीच चूक ठरते. यंत्राची नियमित तपासणी हवी ती यासाठी. शेवटची तपासणी कधी झाली, ती तारीख नोटिशीवर छापायला कितीशी शाई लागेल?

[दृश्य : स्पीडोमीटरचा काटा. शेजारी जीपीएसचा आकडा. काटा ८५ वर, जीपीएसवर ८१.]

चालकांच्या बाजूनेही एक गैरसमज आहे, तो सांगायलाच हवा. ‘माझा काटा ८० च्या वर गेलाच नव्हता’ हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकलं. पण संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वाहन-नियमावर अनेक देश चालतात, त्यात काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला मनाई आहे. जास्त दाखवायला ठरावीक मुभा आहे. म्हणून गाडीतला काटा सहसा थोडा चढाच असतो. तो ८० दाखवत असेल, तर गाडी बहुधा ७६-७७ ने जात असते. ही ढील चालकाच्या बाजूची आहे.

[दृश्य : दोन कमानी, मध्ये लांब रस्ता. वरून घेतलेलं दृश्य.]

नवी पद्धत सरासरीची. पहिल्या कमानीखाली नंबर टिपला, दहा किलोमीटरवरच्या दुसरीखाली पुन्हा टिपला. मर्यादा ८० असेल तर हे अंतर कापायला साडेसात मिनिटं, म्हणजे ४५० सेकंद लागायला हवेत. ४०० सेकंदांत पोचलात, तर सरासरी ९०. पेटी दिसली की ब्रेक आणि पेटी गेली की ॲक्सिलरेटर, हा खेळ इथे चालत नाही. ट्रकवाल्यांनी आम्हाला सांगितलं की त्यांना ही पद्धत जास्त न्याय्य वाटते. एका क्षणाची चूक पुढच्या वाटेत भरून काढता येते.

[दृश्य : लाल सिग्नलला थांबलेल्या गाडीचे मागचे दिवे.]

यंत्र चुकतं का? चुकतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २०१२ मध्ये एका गाडीला २५ मैलांची मर्यादा असताना ३८ मैलांच्या वेगाबद्दल दंड आला. नोटिशीसोबतच्या चित्रफितीत गाडी लाल दिव्याला उभी होती. जागची हललेलीही नव्हती. प्रकरण वर्तमानपत्रात आलं, आणखी चुका निघाल्या आणि पुढच्याच वर्षी शहराने ती यंत्रणा बंद केली.

हा दाखला मी एका कारणासाठी देते. ती चूक उघडकीला आली, कारण पुरावा चालकाच्या हातात होता. चित्रफीत नसती, तर यंत्राचा शब्द विरुद्ध चालकाचा शब्द, आणि अशा वेळी कोणाचं ऐकलं जातं हे ट्रकतळावरच्या कोणालाही विचारा.

[दृश्य : रस्त्याकडेच्या कठड्याला बांधलेली सुकलेली फुलं. दहा सेकंद. फक्त वाऱ्याचा आवाज.]

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात, आणि कॅमेरे लावलेल्या ठिकाणी जिवावरचे अपघात कमी होतात, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे.

[दृश्य : पहाट. रस्त्याची कडा. पिवळं जाकीट घातलेली निवेदिका गुडघ्यावर, हातात मोजपट्टी.]

आता माझा दुसरा फोटो. चार अर्ज केले, तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा तो मिळाला. दोन्ही फोटोंमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे. रंगवलेल्या रेघांचं काम इथे येतं. रडार काहीही म्हणो, या रेघा मोजून कोणालाही पडताळा घेता येतो. माणूस चौथीपर्यंत शिकलेला असला तरी पुरे.

मी पट्टी लावली. दोन रेघांमधलं अंतर दोन मीटर.

[दृश्य : दोन्ही फोटो शेजारी शेजारी. बोट एकेका रेघेवरून सरकतं.]

पहिल्या फोटोत मागचं चाक या रेघेवर आहे. दुसऱ्यात इथे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहा खाने, बारा मीटर, अर्ध्या सेकंदात. सेकंदाला चोवीस मीटर. ताशी ८६ किलोमीटर आणि वर थोडं.

आकडा बरोबर होता. चूक माझी होती. त्याच दिवशी मी पैसे भरले.

दुसरा फोटो पहिल्याच पाकिटात आला असता, तर चार अर्ज वाचले असते, ते वाचणाऱ्यांचा वेळ वाचला असता आणि अर्ज-फेऱ्यांच्या त्या दिवसांत मी त्या पेटीखालून जाताना दात-ओठ खाल्ले नसते. ट्रकतळावरच्या त्या माणसांकडे अर्ज करायला वेळ नाही. फेऱ्या मारायच्या तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांच्या पाकिटात आजही एकच फोटो येतो.

[दृश्य : संध्याकाळ. तोच खांब, तीच पेटी. एक ट्रक पुढे जातो. लखलखाट. अर्ध्या सेकंदाने आणखी एक.]