पान्हा येतो कुठून?

नमस्कार श्रोतेहो. बाळंतिणींच्या वॉर्डात रोज एक वाक्य कानावर पडतं : "डॉक्टर, छाती मऊ लागतेय. दूध संपलं वाटतं." खाटेशेजारची आजी लगेच मान डोलावते.

संपायला आत टाकी तर हवी! खरं तर आम्हीही कॉलेजात तेच शिकलो. बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाखाली दुधाच्या छोट्या पिशव्या असतात म्हणे. त्यामागे १८४० सालचं काम आहे. इंग्लंडचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी मृत स्त्रियांच्या दुग्धनलिकांत रंगीत मेण भरून त्यांची चित्रं काढून घेतली. मेण भरलेली नळी फुगीर दिसायचीच. पण २००५ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी प्रसिद्ध केली, त्यात पिशव्या नव्हत्याच. मुख्य नलिका सरासरी नऊ, रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर.

दूध असतं ते मागे, द्राक्षाच्या घडासारख्या इवल्या मण्यांत. प्रत्येक मण्याला स्नायुपेशींचं जाळं. बाळ ओढू लागलं की मेंदूला निरोप जातो, ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं, जाळं आवळतं आणि दूध नलिकेत येतं. दुसऱ्या बाजूचा ब्लाउजही भिजतो तो त्यामुळेच. सोनोग्राफीच्या पडद्यावर दुधातले स्निग्ध कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे पळताना दिसतात; आणि गंमत म्हणजे बाळाने ओढलं नाही, तर तेच ठिपके उलटे मागे फिरतात.

आपल्याकडे गोठ्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हशीच्या कासेतही तयार साठा अगदी थोडा, म्हणून आधी पारडू सोडायचं, ती पान्हवली की मग बादली घ्यायची. तिला बिचकवलं तर ती पान्हा चोरते. बाईचंही तसंच. घाबरली, दुखलं, कुणी टोचून बोललं, तर पान्हा अडखळतो. तेव्हा आजी, तुमचं ते "पुरत नाही गं" जरा आवरा.

छाती दाबून बघू नका, बाळाकडे बघा. आधी ते भरभर, उथळ ओढतं. मिनिटाभरात हनुवटी संथ, खोल हलू लागते आणि गळ्यातून बारीक 'घुट्' ऐकू येतं. तो पान्हा.